खोबरेल थिजलं त्या सकाळी

मी डावा बोलतोय. गंगारामांच्या मोटारसायकलचं पुढचं चाक धरून दोन शॉकअप उभे आहेत, त्यातला डावा. उजवा माझा जुळा भाऊ. तो फारसा बोलत नाही.

घाटावरच्या एका कारखान्यात आम्ही झालो. गुळगुळीत नळी, आत स्प्रिंग, थोडं तेल, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून रबराचं सील. खड्डा आला की वाकायचं, धक्का पोटात घ्यायचा, पुन्हा उभं राहायचं. एवढंच काम.

नशिबात जयगड आलं. गंगाराम तेव्हा मालवाहू जहाजावर खलाशी होते. आम्हाला पडवीत लावून महिनोन्महिने समुद्रावर असायचे. खारा वारा लोखंड खातो, म्हणून त्यांच्या पत्नी सावित्रीबाई विळीच्या पात्याला, कड्याकुलपांना खोबरेल लावायच्या. तसंच एक बोट मलाही; उजवा भिंतीकडे, तिथं हात पोचायचा नाही. "ते येईपर्यंत गंजू नको हो," म्हणायच्या. इतक्या मायेनं मला कुणी बोललं नव्हतं.

मग गंगाराम कायमचे घरी आले. दर सोमवारी दोघं माझ्यावर भार टाकून जेटीवर जायची, फेरीबोटीनं खाडी ओलांडून वेळणेश्वरच्या देवळात. चांगले दिवस होते.

यंदा दिवाळीच्या सुमारास माझ्या नळीवर तेलाचं कडं दिसू लागलं. गंगाराम म्हणाले, अगो, किती थापतेस. बाईंनी कमी केलं. कडं तसंच. मग त्यांनी लावणंच सोडलं, तरी कडं तसंच. रात्री पुसावं, तर सकाळी फिरून आल्यावर मी ओलाच.

जहाजावर पहारा केलेला माणूस. आता घरात पहारा सुरू झाला. बाई पडवीत आल्या की गंगाराम मान वर करून बघत. एकदा तर त्यांनी बाईंच्या हाताचा वास घेतला. वास खोबरेलाचा होताच. नुकती वेणी घातलेली. मीही संशयी झालो. मला उजव्याचाच संशय. दोघांच्या पोटात तेल सारखं, रस्ता एकच, मग हा कोरडा कसा?

एका सोमवारी जेटीच्या उतारावर त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. तेल ओघळून डिस्कवर उतरलं होतं. ब्रेकनं धरलंच नाही. मागच्या ब्रेकवर फरफटत कसेबसे थांबलो. पुढे पाणीच होतं. बाईंच्या हातातली फुलांची पिशवी खाली पडली.

घरी आल्यावर गंगाराम हळू आवाजात म्हणाले, "चोरून लावतेस. मला खोटं सांगतेस."

बाई दाराशी थांबल्या. मग म्हणाल्या, "ज्याला माझा शब्द खरा वाटत नाय, त्याच्या मागे मी बसायची नाय."

पुढच्या सोमवारी त्या एकट्या चालत गेल्या. मागची सीट रिकामी राहिली. ते हलकेपण मला सोसेना.

पौषात एका पहाटे कडाक्याची थंडी पडली. गंगाराम फेरी मारून आले, तर मी पुन्हा ओला. बाई बाटली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ती उलटी धरली. एक थेंब पडला नाही. आतलं खोबरेल पांढरं, घट्ट झालेलं.

"हे थिजलंय," त्या म्हणाल्या. "मग तुमच्या शॉकअपवरचं वाहतंय कसं?"

गंगारामांनी बोट लावलं. काळं, पातळ तेल. बोट नाकाशी नेलं आणि मान खाली घातली.

त्याच दिवशी विनोद मेकॅनिककडे आम्हाला खोललं. उजव्यातून तेल बरंच निघालं, माझ्यातून निम्मंसुद्धा नाही, आणि तेही चिखलासारखं. गंगाराम स्टुलावर बसून डोळ्यांत तेल घालून बघत होते, हा नवं तेल मापानं भरतो की अंदाजानं. विनोद म्हणाला, काका, माझ्याकडे नको, मापाकडे बघा.

मग त्यानं जुनं सील उजेडात धरलं. कडेला तांबडी धूळ चिकटलेली.

"नळीला खोबरेल लावत होतात काय? धूळ त्याला धरली, तिनंच सील कापलान."

मला वाटलं, झालं. आता हे घरी जाऊन बाईंना दोष देणार.

गंगारामांनी हातातल्या फडक्याला बोटं पुसली. "मीच लावायचो," म्हणाले. "घरी काय बोलू नकोस."

सोमवारी बाई बाहेर आल्या. मला बोट लावून बघितलं. कोरडा. "लावू थोडं?" त्यांनी विचारलं.

"दे, मी लावतो."

त्यांच्यासमोर त्यांनी एक बोट लावलं. त्या दाराला कुलूप घालायला वळल्या, तसं खिशातल्या फडक्यानं झटकन पुसून टाकलं. बाई परत आल्या. खिशातून लोंबणाऱ्या फडक्याच्या टोकाकडे त्यांनी बघितलं. मग मागे बसल्या, खांद्यावर हात ठेवला.

त्यांना सगळं कळलंय, असा माझा दाट संशय आहे.

आता नव्या तेलानं मी नीट वाकतो, नीट उठतो. म्हातारा झालोय, पुन्हा कधीतरी पाझरेन. तेव्हा एवढंच करा. ओल दिसली तर आधी माझ्याकडे वाका, बोट लावा, वास घ्या. घरच्या माणसाचा हात मग हुंगा.

बोटीचा भोंगा झाला. दोघांना पलीकडे न्यायचंय. येतो.