कोणाले समजनार बी नाई

हिरवा दिवा मिचमिचत होता, दवाखान्यात इंटरनेट खेळवणाऱ्या जुन्या डब्याच्या, गेटवेच्या कपाळावर, आणि कमळाला वाटलं, याला अजून कोणी काही सांगितलेलंच दिसत नाही... शेजारी नवा, काळा, गुळगुळीत गेटवे मांडलेला. जुन्याच्या साऱ्या खाणाखुणा त्याला आधीच शिकवून ठेवलेल्या. आता एकेक वायर इकडून काढायची, तिकडे लावायची, की दवाखान्याचं काम अडायला नको.

"कोणाले समजनार बी नाई, बाई," डबा बदलायला गडचिरोलीहून आलेला लोकेश म्हणाला.

हे तो माझ्याकडे बघून का म्हणाला? आणि ही दिव्यानी—मदतीला म्हणून पाठवलेली नागभीडची पोर—आठवडाभर माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसते, हे कसं करता ताई, ते कसं करता ताई... इतकी वर्षं या दवाखान्याचे कॉम्प्युटर एकटीनं सांभाळले, तेव्हा कोणाला मदत सुचली नाही. आणि आता, माझा करार याच महिन्यात संपत असताना—

कीर्तनात बुवा दम घ्यायला थांबले की मागचे टाळकरी चरण अलगद उचलून धरतात, अभंग तुटत नाही. त्या मायेनं कमळाचे डोळे दर वेळी भरून यायचे. आज मनात आलं, बुवा तसेच खाली बसले असते तर? चरण चालूच राहिला असता... पांडुरंगा, हे कसलं मन दिलंस!

"ताई, शेवटची वायर मी लावू?" दिव्यानीनं विचारलं.

"काऊन? माहे हात मोडले का?"

लोकेश हसला. "डब्यापेक्षा बाईच जास्त तापल्या!"

कमळानंच ती लावली. डॉक्टरांच्या खोलीची. मग ती दाराशी जाऊन उभी राहिली. आत जंगलातल्या गावाहून आलेली सुकरी, मांडीवर धापा टाकणारं बाळ, आणि पडद्यावर नागपूरचे हृदयाचे डॉक्टर, बोलता बोलता—थिजलेले. तोंड अर्धवट उघडं.

कमळाच्या छातीत काहीतरी उसळलं. आता हाक येईल, कमळाबाई, धावा...

"...दूध नीट पितं का?" पडद्यावरचं चित्र पुन्हा हललं. सुकरीनं नाही म्हणून मान हलवली. हाक आली नाही.

उसळलं ते काय होतं? भीती? भीती तिच्या ओळखीची होती. तिला अशी गोड चव नव्हती. त्या बाळाकडे तिला बघवेना.

"ताई, नेट लागलं न?" मागून दिव्यानीनं विचारलं. साधंच. कमळानं मागे न वळता नुसती हो म्हणून मान हलवली. आपल्या आवाजातून काय बाहेर पडेल, याचा तिला भरवसा वाटेना.