हुबळीच्या समुद्रातली मलप्रभा

मी मलप्रभा बोलतेय. नदी नव्हे, युद्धनौका. हसू नका. माझी लांबी हातभर, उंची वीतभर आणि मुक्काम हुबळीच्या देशपांडे नगरात, दातांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, काचेच्या पेटीत. समुद्र मी पाहिलेला नाही. पाणी मला लागलं असेल तर ते ओल्या फडक्याचं. तरीही खवळलेल्या समुद्रात माझ्याइतकी वर्षं न डगमगता उभी असलेली दुसरी नौका तुम्हाला सापडायची नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

छाती आहे, पोट मात्र नाही. पाण्याच्या रेषेवर माझं अंग संपतं. खाली सपाट लाकूड आणि त्याखाली प्लास्टरचा समुद्र. जे पाण्यात बुडालेलं ते कुणाला दिसतंय, मग ते कोरायचं कशाला, असा माझ्या कर्त्याचा हिशेब होता.

माझे कर्ते म्हणजे डॉक्टर राघवेंद्र हुद्दार. दवाखाना त्यांचाच, घर त्याच्या मागं. बाहेरच्या खोलीतलं जुनं सागवानी बाक एका जाडजूड पेशंटखाली मोडलं, त्याच्या फळीतून माझा जन्म झाला. दात कोरायचं पायानं चालवायचं यंत्र माझ्यावर चाललं. बोथट झालेल्या इंजेक्शनच्या सुयांच्या माझ्या डोलकाठ्या झाल्या. कवळीच्या तारेचे कठडे झाले, आणि हिरड्या करायच्या गुलाबी मसाल्याच्या माझ्या जीवरक्षक होड्या. जुन्या हुबळीतल्या एका कपाटवाल्याकडून राखाडी रंग आणून त्यांनी मला सगळीकडून रंगवलं, पण एका होडीच्या बुडाशी ब्रश पोचला नाही. ती होडी खालून अजून गुलाबी आहे. मला त्याची लाज वाटत नाही.

डॉक्टरांना नौकांचं वेड होतं असं समजू नका. मी जन्माला आले ती एका लग्नासाठी.

डॉक्टरांची एकुलती एक मुलगी लीला. तिला धारवाडच्या मालमड्डीतून एक स्थळ सांगून आलं होतं. मुलाचं नाव प्रभंजन. नौदलात इंजिनियर, आणि नेमणूक खऱ्या मलप्रभेवर. पत्रिका जुळली, माणसं चांगली, शिवाय लीला आणि तो कॉलेजात एकमेकांना पाहून होते आणि दोघांच्याही मनात होतं. अडलं ते लीलाच्या आईपाशी, अंबूताईंपाशी. एकाहत्तरच्या लढाईत आपलं एक जहाज बुडाल्याची बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली होती. ती त्यांच्या मनातून गेलीच नव्हती.

"पायाखाली जमीन नाही त्याला मुलगी द्यायची? ब्याड," त्या म्हणाल्या.

अंबूताई मराठीत नाही म्हणाल्या तर थोडी आशा असते. कानडीत 'ब्याड' म्हणाल्या की घरातली माणसं विषय बदलतात. लीलानं विषय बदलला नाही. तिनं बोलणंच बदललं. आईला हवं-नको विचारायची, पण हसायची नाही. ते डॉक्टरांना बघवेना.

तेव्हा त्यांनी ही शक्कल काढली. बाई घाबरते ती न पाहिलेल्याला. नौका किती भक्कम असते आणि समुद्र किती शांत असतो हे डोळ्यांनी पाहिलं की भीती जाईल. वर्तमानपत्रात आलेला मलप्रभेचा तिकिटाएवढा फोटो भिंगाखाली धरून त्यांनी मला घडवलं. मग कवळीचे साचे करतात त्या प्लास्टरचा समुद्र ओतला, निळा रंग दिला, वर वार्निश फिरवलं. समुद्र असा गुळगुळीत झाला की त्यात डॉक्टरांना स्वतःचा चष्मा दिसत होता.

अंबूताई पदराला हात पुसत आल्या आणि मला बराच वेळ न्याहाळत राहिल्या.

"अर्धं बुडालंय की हो हे."

"बुडालेलं नाही गं. तेवढं पाण्यात असावंच लागतं."

"आणि पाणी असं असतं? आपल्या उणकलच्या तळ्यासारखं?"

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. ते आजवर एकदाच कारवारला गेले होते, तेही पोटदुखीनं खोलीत पडून परत आले होते.

अंबूताई थोड्या विरघळल्या. मुलगा रजेवर आला आहे तर येऊन जाऊ दे, म्हणाल्या. लीलानं त्या दिवशी आपणहून चहा केला. मला तर वाटलं, लग्न जमवलं मी.

प्रभंजन आला तो त्याला लहानाचं मोठं केलेल्या आत्याबरोबर, वेणूबाईंबरोबर. उंच, सावळा, कमी बोलणारा. डॉक्टरांनी त्याला आधी माझ्यापाशी आणलं, कारण कौतुक ऐकायची घाई झाली होती.

"ही पुढची तोफ बरोबर बसली आहे ना?"

"ते मला सांगता येत नाही, डॉक्टर."

"म्हणजे चुकली आहे?"

"तेही सांगता येत नाही. नोकरीच तशी आहे."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मग त्यांनी आवाज खाली आणून त्याला विनवलं, "तोफेचं जाऊ दे. आमच्या घरात पाण्याबद्दल विचारतील. असंच असतं म्हणून सांगून टाका. दोन शब्दांत काम होतंय." प्रभंजननं माझ्या त्या आरशासारख्या समुद्राकडे पाहिलं. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

पोहे झाले, कॉफी आली. अंबूताईंनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. माझ्याकडे बोट करून सरळ म्हणाल्या, "असंच असतं का हो पाणी?"

डॉक्टर छताकडे बघू लागले. दारात उभ्या असलेल्या लीलानं मात्र प्रभंजनवरची नजर हलवली नाही. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. तिला होकार हवा होता, पण असा नको होता.

"हिवाळ्यात असतं असं कधी कधी," प्रभंजन म्हणाला. "पावसाळ्यात नसतं."

"मग कसं असतं?"

तो उठला, माझ्यापाशी आला आणि त्यानं आपला तळहात माझ्या नाकासमोर उभा धरला. माझ्या तोफेहून उंच. "इथपर्यंत येतं. पुढचा भाग आत जातो, वरून पाणी जातं, मग परत वर येतो. रात्रभर चालतं कधी."

वेणूबाईंनी शाल आवरायला घेतली. डॉक्टरांनी डोळे मिटले. माझ्या सागवानी अंगाला पहिल्यांदाच वाळवी लागल्यासारखं झालं. अंबूताई उठून माझ्याजवळ आल्या.

"त्या वेळी तुम्ही कुठं असता?"

"खाली, इंजिनापाशी. ह्या दारातून आत उतरायचं." त्यानं माझ्या कुशीतलं दार दाखवलं. लोखंडी दार म्हणून डॉक्टरांनी तिथं चौकोनी रेघ ओढली होती, एवढंच.

"दार कोण बंद करतं?"

"जो शेवटी आत येतो तो. आतून आवळलं की थेंब येत नाही. बहुतेक वेळा मीच असतो."

अंबूताईंनी करंगळीचं नख त्या रेघेवरून फिरवलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "हे दार उघडत नाही."

"अगं, नुसतं दाखवायला आहे ते."

"जे उघडत नाही ते बंद कसं होणार? आधी हे दार करा. आणि तो समुद्र काढून टाका. खोटा आहे. खरा असतो तसा करून इथं ठेवा. मी रोज बघीन. बघायची सवय झाली तर हो म्हणीन, नाही झाली तर ब्याड."

वेणूबाईंनी शाल पुन्हा खांद्यावर टाकली आणि आणखी थोडी कॉफी मागितली.

मग माझ्या आयुष्यातले सगळ्यात गमतीचे दिवस आले. डॉक्टरांनी जुना समुद्र छिन्नीनं फोडला आणि नव्या लाटा केल्या. पण ज्या हातांनी जन्मभर दात केले त्यांच्यातून लाटाही तशाच निघाल्या. एका रांगेत, एका मापाच्या, पुढं सुळे आणि मागं दाढा. मी कुणाच्या तरी जबड्यात बसल्यासारखी दिसत होते. प्रभंजन रजेवर होता, तो रोज धारवाडहून यायचा. त्या लाटा पाहून तो खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. लीला हसली. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिचं हसू ऐकू आलं.

"सरका," अंबूताई म्हणाल्या.

आमच्याकडे मण्णेत्तिन अमावास्येला घरोघर मातीचे बैल करून पुजतात. अंबूताईंच्या बैलांना गल्लीत तोड नव्हती. दुसऱ्या बायकांचे बैल नुसते उभे असत, ह्यांचे निघाल्यासारखे वाटत. अमावास्या नुकतीच झाली होती, उरलेली माती ओलीच होती. त्यांनी ती माझ्याभोवती थापली आणि प्रभंजनला म्हणाल्या, "हातानं दाखवा. तोंडानं नको." तो तळहातानं पाणी दाखवायचा आणि त्या मातीत ते उचलायच्या. बैलाचं वशिंड काढतात तसा अंगठा खालून वर नेऊन त्यांनी लाटेची पाठ काढली. माझ्या नाकासमोर एक मोठी लाट उभी राहिली आणि मी खरंच दचकले.

त्या मातीचा साचा घेऊन डॉक्टरांनी प्लास्टर ओतलं. निळा रंग प्रभंजननं नाकारला, म्हणून हिरवट करडा दिला. पेशंटच्या गालात धरायचा कापूस पिंजून लीलानं लाटांच्या माथ्यावर फेस चिकटवला. आणि दार झालं. कवळीच्या तारेची बिजागरी, तांदळाएवढी मूठ. नखानं ढकललं की उघडायचं, दाबलं की टक्‌ करून बंद व्हायचं. समुद्र एका घरातल्या चौघांनी मिळून केलेला मी तरी दुसरीकडे ऐकला नाही.

प्रभंजन रजा संपवून गेला. मला बाहेरच्या खोलीत मांडलं. अंबूताई सकाळी तुळशीला पाणी घालून आल्या की काच सरकवायच्या आणि नुसत्या बघत उभ्या राहायच्या. पहिले काही दिवस त्या लाटेकडे बघायच्या आणि ओठ आवळायच्या. मग हळूहळू नजर दाराकडे जायला लागली. लीला आतून कानोसा घ्यायची. विचारायची छाती कुणाचीच नव्हती, डॉक्टरांची तर नाहीच.

एक दिवस शेजारच्या मंगलाबाई दाढ धरून आल्या. मला पाहून दाढ विसरल्या. "अगबाई, केवढी ही लाट! आता हे गिळणारच की जहाज."

"गिळतंय कशानं," अंबूताई म्हणाल्या. "पुढचा भाग आत जातो आणि परत वर येतो. दार आतून आवळलेलं असतं. आमचे जावई स्वतः बंद करतात."

आत डॉक्टरांचे हात एका पेशंटच्या तोंडात होते. ते तसेच थांबले. मग एका हातात चिमटा घेऊन ते बाहेर आले आणि म्हणाले, "काय म्हणालीस?"

अंबूताईंनी त्यांच्याकडे न बघता माझी काच पुसली. "आगली," म्हणाल्या. होऊ दे. तेही कानडीत म्हणाल्या, म्हणजे ते पक्कं होतं. आतला पेशंट आ वासून बसला होता, तो तसाच विसरला गेला.

मार्गशीर्षात लग्न झालं. लीला मुंबईला गेली. घर शांत झालं आणि माझं खरं काम सुरू झालं. पावसाळ्यात धारवाड आकाशवाणीवर मच्छीमारांसाठी इशारा देतात, समुद्र खवळलेला आहे, होड्या घालू नका. हुबळीत तो कोण ऐकणार? अंबूताई ऐकायच्या. स्वयंपाकघरातून उठून यायच्या, काच सरकवायच्या आणि करंगळीच्या नखानं माझं दार बंद करायच्या. टक्‌. मग जाऊन आमटीला फोडणी द्यायच्या. इशारा मागं घेतला तरी त्या महिनोन्‌महिने दार उघडायच्या नाहीत. आकाशवाणीवर त्यांचा पुरता विश्वास नव्हता.

लीलाच्या बाळंतपणाला त्या मुंबईला गेल्या आणि त्यांनी एकदाचा समुद्र पाहिला. परत आल्यावर माझ्यासमोर उभ्या राहून डॉक्टरांना म्हणाल्या, "लाट आपली बरोबर आहे हो. आवाज तेवढा राहिला." त्यांच्या बोलण्यात जो अभिमान होता तो माझ्या वाट्याचाही आहे असं मी धरून चालते.

अशी वर्षं गेली. परवाच्या उन्हाळ्यात, म्हणजे सत्त्याऐंशी साली, लीला आणि प्रभंजन आले. प्रभंजनच्या कानशिलावर पांढरे केस दिसत होते. जेवणं झाल्यावर तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मलप्रभा मोडीत काढली, मामा. मला आता किनाऱ्यावरचं काम दिलंय. पुन्हा बोटीवर जाणं नाही." आमच्याकडे जावई सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतो.

खरी मलप्रभा गेली हे ऐकून मला कसंसंच झालं. मी तिला कधी भेटले नव्हते, पण मी होते ती तिच्यामुळे. आता मलप्रभा म्हणायची ती मीच.

डॉक्टरांचे हात हल्ली कापतात, पण डोळे चमकले. "मग आता सांगायला हरकत नाही. तोफ?"

प्रभंजन हसला. "चुकली होती. बरीच मागं हवी होती."

"इतकी वर्षं गप्प बसलात! आण गं लीला, माझा चिमटा आण. आत्ता काढून बसवतो."

"आणि दार?" अंबूताईंनी विचारलं. "दार बरोबर आहे ना?"

"दार जिथल्या तिथं आहे, आत्या."

"मग राहू दे ती तोफ."

तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. तरी मागच्या पावसाळ्यात बंद केलेलं माझं दार तसंच होतं. अंबूताईंनी काच सरकवली. जावई मागं उभा होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा वळून पाहिलं आणि मग करंगळीच्या नखानं माझं दार उघडलं. सताड उघडलं, अगदी कठड्याला टेकेपर्यंत.

मी आता मजेत आहे. तोफ चुकलेली, एक होडी खालून गुलाबी, समोर तीच उंच लाट. कधी दाढ दुखली आणि देशपांडे नगरात आलात तर मला जरूर बघा. कापसाच्या फेसावर फुंकर तेवढी मारू नका, लीलाच्या हातचा आहे. आणि दार कुणी विसरून उघडं ठेवलंय असं समजून ते लावायला जाऊ नका. ह्या पावसाळ्यात आकाशवाणीनं दोनदा इशारा दिला, अंबूताईंनी तो ऐकला आणि त्या आमटी ढवळत राहिल्या.