टेबलावरची खडूची रेघ

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानातलं एक जुनं टेबल आहे. कापड बेतण्याचं, लांबलचक. ज्या झाडातून मला कापलं, त्याच्या सावलीत म्हणे अख्खं वऱ्हाड जेवून पसरलं तरी नवरदेवाच्या घोड्याला जागा उरायची. खोटं वाटत असेल तर घोड्याला विचारा.

मालकांना, म्हणजे अब्बांना, दोन मुलं. त्यांनी मुलाला शिवायला शिकवलं आणि मुलीला बेतायला. तिची कात्री अशी चालायची, की कापडाला कळायच्या आत त्याचा सदरा झालेला असायचा. गिऱ्हाईकं वाहवा करायची आणि मी छाती फुगवायचो. म्हणून तर मधोमध जरासा उंच आहे.

मग अब्बा गेले. आई आधीच गेलेली. शरियतप्रमाणे दुकानाचे दोन हिस्से भावाचे, एक बहिणीचा. पण रीत अशी पडलेली, की बहिणीने आपला हिस्सा भावाला माफ करून टाकायचा. मागितला, की माहेर तुटलं. हिस्स्याचा विषय तसाच अडून राहिला आणि तिचं येणं थांबलं. माझ्यावर धूळ साचली, चहाचे गोल डाग उठले.

एके दिवशी भावाने तिला, मौलवीसाहेबांना आणि चार नातेवाइकांना बोलावलं.

"आपा, सगळ्यांसमोर माफ केलं म्हण, की सुटलो."

"थांब बेटा," मौलवीसाहेब म्हणाले. "जे तिच्या हातात आलंच नाही, ते ती सोडणार कसं? आधी दे. मग तिची मर्जी."

"एवढंच ना!" भावाने टेपने मला मापलं, खडूने रेघ ओढली. खिडकीकडचा तिसरा हिस्सा जागेसकट तिचा केला, वर दुकानाची किल्लीही दिली. "घे. आता कर परत."

बहिणीने किल्ली कमरेला खोचली. "दिलास ना? अल्ला तुझं भलं करो. माझी कात्री कुठंय?"

भावाचा चेहरा शिवण उसवल्यासारखा झाला. "आपा, माहेर नको का तुला?"

"हवंय की. रोज सकाळी येईन."

मौलवीसाहेबांना खोकल्याची उबळ आली. ती हसण्याची होती. त्यांचा हात माझ्यावर होता ना, मला कळलं.

आता ती बेतते, तो शिवतो. दिवसभर कापड घासून रेघ पुसली जाते, सकाळी ती नवी ओढते. परवा तिला उशीर झाला. भावाने इकडेतिकडे पाहिलं, खडू उचलला. मी श्वास रोखला. त्याने टेप लावून, बरोबर जुन्याच जागी रेघ ओढली आणि तिच्या बाजूची धूळ स्वतःच्या बाहीने पुसली.

मित्रांनो, माझ्यावर गरम इस्त्री टेकवू नका, चहा सांडू नका. आणि रेघ पुसली गेलीच, तर ती कुठे होती तेवढं लक्षात ठेवा.