विहिरीत उतरलेला ताप

बेलपाड्याच्या विहिरीत आज पुन्हा मासे उलटे तरंगू लागले आणि काठावरच्या गर्दीने एकच जयघोष केला. एक मासा मेला की एका माणसाचा ताप उतरला, असा शीतलनाथ महाराजांचा हिशेब. मे महिन्याच्या उकाड्यात महाराजांच्या खोलीत दात वाजायचे, आणि विहिरीचं पाणी मात्र कोमट लागायचं. भिंतीवर एसी नाही, बाहेर गरम वारा फेकणारा डबा नाही. शंकेखोरांनी छपरावर चढूनही पाहिलं, आणि खाली उतरून पाया पडले.

"तुमचा ताप मी ओढतो आणि विहिरीत सोडतो!" महाराज डोळे मिटून सांगत. "डॉक्टरची सुई दिसते. माझी दिसते का?"

दिपिकाला हसू आलं असतं, पण महाराजांच्या त्या गार खोलीत खाटेवर तिची वेणूकाकी होती. चार दिवस डेंगीने फणफणलेलं अंग आता गार पडलं होतं. तिचे यजमान तुळशीरामकाका खुशीत होते. दिपिकाने मात्र जवळ जाऊन पाहिलं. काकीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि हाक मारली तरी ती डोळे उघडत नव्हती.

"काका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात नेऊ."

"अगं, ताप गेलाय ना! मधीच उठवली तर उलटंल, म्हाराज सांगतात."

आज खोलीत नेहमीइतका गारवा नव्हता. महाराजांनी त्याचंही उत्तर तयार ठेवलं होतं. "हिचं पाप जड आहे. विहिरीला पेलवत नाही."

हे ऐकून दिपिकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोठ्या इमारती गार ठेवणारी यंत्रं बसवणं हे तिचं रोजचं काम. पाण्यात उष्णता सोडणाऱ्या यंत्रांचे तक्ते ती नेहमी वाचायची. यंत्रात जाणारं पाणी जितकं तापलेलं, तितका गारवा कमी आणि वीज जास्त. उन्हाळ्यात आटलेली विहीर तापली होती आणि यंत्राला धाप लागली होती. काकीच्या माथी पाप मारणाऱ्याचा तिला भयंकर संताप आला.

संध्याकाळी आरतीसाठी आजाऱ्यांना खाटेसकट अंगणात आणलं आणि रिकाम्या खोलीला कडी लावली. दिपिकाने काकांना ओढतच विहिरीच्या पायऱ्यांवरून खाली नेलं. कपारीत एक पाइप दडवलेला होता. तिने काकांचा हात त्याच्या धारेखाली धरला. पाणी चांगलंच गरम होतं.

"खोलीत आता एकही माणूस नाही, काका. मग हा ताप कोणाचा?"

काकांनी हात मागे घेतला आणि वर खोलीकडे पाहिलं.

"खोलीच्या भिंतीमागे यंत्र लपवलंय. एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, हे विहिरीच्या पाण्यात टाकतं. मासे त्यानेच मेले. आणि डेंगीत ताप उतरल्यावरच खरा धोका असतो!"

काका धावत वर गेले. आडव्या आलेल्या शिष्याला त्यांनी बाजूला लोटलं आणि काकीला उचलून रिक्षात घातलं.

पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी वेणूकाकी गेली.

दहाव्याला सारं गाव जमलं, तेव्हा काका उभे राहिले. 

"आमी रोज त्या विहिरीला हात जोडले. पाणी कुठून तापतंय, त्ये कुणीच बघितलं नाय. तुमच्या घरात कुणाला ताप आला तर डॉक्टरकडं न्या. आनि कुणी चमत्कार दाखवला, तर पयलं त्यालाच विचारा, हे व्हतं कसं? विचारायला भिऊ नका. मी विचारलं नाय."