थापाड्या मोडेम

ऑफिसातल्या उत्तराने फळ्यावर चार कामं लिहिली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. जोडणं, पाठवणं, घेणं, बंद करणं. बस्स.

आमची नोएडातली कंपनी सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांवर बसवायचे कंट्रोलर बनवते. पाण्याची पातळी मोजायची आणि सर्व्हरला कळवायची, एवढंच त्यांचं काम. पण कुणाला लॅनची वायर, कुणाला वायफाय, कुणाला सिमकार्डवाला मोडेम. तिघांचे तीन स्वभाव. म्हणून अकरा वर्षं मी तीन वेगळे प्रोग्राम सांभाळत आलो, आणि काहीही बिघडलं की सगळे माझ्या टेबलाशी यायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आता ही सव्वीस वर्षांची पोरगी म्हणत होती की तिघांना मिळून एकच इंटरफेस करायचा. वरच्या प्रोग्रामने नुसतं ‘पाठव’ म्हणायचं. खाली वायर आहे की सिम, याची त्याला खबरही नको.

“ये हुई ना बात,” आमचे डायरेक्टर खुराना म्हणाले. अकरा वर्षांत मला त्यांनी असं एकदाही म्हटलं नव्हतं.

कल्पना चांगली होती, हेच तर दुखणं. ती मला सुचायला हवी होती.

माझ्याकडे एक गोष्ट मात्र होती. सिमवाला मोडेम खोटं बोलतो. निरोप त्याच्या हातात दिला की तो लगेच ‘पाठवलं’ म्हणून मोकळा होतो. नेटवर्क नसेल तर प्रत्यक्षात काहीच गेलेलं नसतं. त्याला पुन्हा विचारावं लागतं. हे मला गाझियाबादच्या एका गच्चीवर तीन दिवस उन्हात बसून कळलं होतं. मी ते प्रोग्राममध्ये लिहूनही ठेवलं होतं, पण मराठीत. माझ्या सगळ्याच नोंदी मराठीत असायच्या. उत्तरा येईपर्यंत ऑफिसात मराठी कुणाला येत नव्हतं, आणि म्हणून माझ्यावाचून सगळ्यांचं अडायचं.

उत्तरा मराठी घरातली, पण दिल्लीतच वाढलेली, मराठी घरात बोलण्यापुरतं; वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. आम्ही दोघंही मयूर विहारहून मेट्रोने यायचो. ऑफिसात मी ‘सर’ असायचो, गाडीत ‘काका’. एकदा गाडीत तिने विचारलं, “काका, थापाड्या म्हणजे काय?”

“थापा मारणारा. खोटारडा. का गं?”

“अच्छा. असंच, कुठेतरी वाचलं.”

मी पुढे काही विचारलं नाही. त्या दिवसांत तिच्याशी दोन शब्द बोलायचे म्हटले तरी माझा जळफळाट व्हायचा.

आठवड्याने डिझाइनची शेवटची मीटिंग झाली. सगळं सांगून झाल्यावर ती माझ्याकडे वळली. “सर, सिमवाले मोडेम में कुछ रह तो नहीं गया? उस पर सबसे ज्यादा काम आपने किया है.”

“नहीं.”

ती सगळ्यांसमोर मराठीत म्हणाली, “काहीच नाही ना, सर?”

“बिल्कुल नाही,” मी म्हणालो. जीभ अजिबात अडखळली नाही.

डेमोच्या दिवशी मी मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसलो. खुरानांनी स्वतः सिमवाल्या कंट्रोलरचा अँटेना काढला. आता तो ‘पाठवलं’ म्हणणार, सर्व्हरवर काही येणार नाही, आणि सगळे पुन्हा माझ्या टेबलाशी येणार. पण पडद्यावर उमटलं की निरोप अजून गेलेला नाही. अँटेना परत लावल्यावर राहिलेले आकडे एकामागून एक सर्व्हरवर पोचले.

“ये कैसे पकड़ा?” खुरानांनी विचारलं.

उत्तराने प्रोग्राम उघडून दाखवला. सगळ्यात वर माझी जुनी नोंद होती, जशीच्या तशी: ‘हा मोडेम थापाड्या आहे. दोनदा विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नये.’ खाली तिने इंग्रजीत अर्थ दिला होता आणि माझं पूर्ण नाव लिहिलं होतं, श्यामकांत देवस्थळी.

“ये सर का है,” ती म्हणाली. टाळ्या पडल्या. खुरानांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, “ये हुई ना बात.”

संध्याकाळी मेट्रोत ती शेजारी येऊन बसली. न्यू अशोक नगर स्टेशन मागे पडलं.

“नोंद तुला सापडली होती,” मी म्हणालो. “मग मीटिंगमध्ये मला कशाला विचारलंस?”

“तुम्ही सांगाल असं वाटलं, काका.” ती बॅगेचा पट्टा नीट करत होती. “म्हणून तर दोनदा विचारलं.”