पारूचं मागणं

पल्लवीच्या कवितांचं पुस्तक आलं, तेव्हा आदिवासी साहित्याच्या मेळाव्यात तिचा मोठा सत्कार झाला. 'कातकरी अस्मितेचा आवाज' असं कुणीतरी माईकवरून म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कविता मराठीत होत्या, अगदी घासूनपुसून शुद्ध. कारण कातकरी बोली या आवाजाला येतच नव्हती.

यात तिचा तरी काय दोष? तिची आई पारू मुळशीच्या डोंगरातून खाली मजुरीला जायची. तिथं तिनं तोंड उघडलं की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पोरीच्या वाट्याला हे नको, म्हणून पारूनं चंगच बांधला. वाडीत सगळ्यांशी आपल्या बोलीत बोलायची, पोरीशी मात्र मराठीत. मोडकीतोडकी का होईना, मराठीच! पुढं पोरगी आश्रमशाळेत गेली आणि कानावर पडलेलं थोडंफारही विसरली.

यंदा पारूला लकवा मारला. जीव वाचला, पण उसनी घेतलेली मराठी डोक्यातून साफ पुसली गेली. असं होतं कधीकधी, भाषा जाते, ओळखीही पुसट होतात, डॉक्टर म्हणाले. घरी न्या, फार दिवस नाहीत.

पल्लवी लवळे गावातल्या नोकरीवरून रजा टाकून उशाशी येऊन बसली. पारू सकाळपासून तिच्याकडे बघून एकच काहीतरी मागत होती, अगदी काकुळतीनं. पल्लवीनं पाणी पाजलं, मिसरीची डबी पुढं केली, गोधडी सारखी केली. पारू मान हलवायची आणि पुन्हा तेच. मरणाच्या दारातल्या आईचं एक मागणं, आणि ते पोटच्या पोरीला कळू नये? पल्लवीला स्वतःची चीड आली. विचारायचं तरी कुणाला? वाडीतली जाणती माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली. मामा कान्हू तेवढा मागं राहिलेला, तोही धरणावर मासे धरायला.

तो दुपारी आला. बहिणीचं बोलणं ऐकलं आणि पाठ करून जाळं सोडवत बसला.

"मामा, काय मागतेय ती?"

"काय न्हाई गं. बरळतीया."

"मामा, तुला माझी शपथ."

कान्हूनं डोक्याचं फडकं काढलं. "म्हनतीया, ह्या बाई लई चांगल्या हायेत, माझं समदं करत्यात. पर त्यांना म्हनावं, माझ्या पोरीला बोलवा. मला तिला बघायचंय."

पल्लवीनं मामाचा हात घट्ट धरला. "'आई, मीच तुझी पोरगी', हे आपल्या बोलीत कसं म्हणायचं? शिकव मला."

त्यानं शिकवलं. तिनं ते घोकलं, आईच्या कानाशी वाकली आणि म्हणाली. एक अक्षर चुकलं नाही. पारूचा चेहरा खुलला. ती हसून काहीतरी बोलली.

"ओळखलं ना? मामा, ओळखलं ना तिनं?"

कान्हू भुईकडे बघत राहिला. "म्हनतीया, बाईंनी आपली बोली लई झ्याक शिकून घेतलीया."

पल्लवी ढसाढसा रडू लागली. पारूनं चालता हात उचलला आणि परक्या बाईला धीर द्यावा तसा, बिचकत, तिच्या खांद्यावर ठेवला.