शैलूच्या मापाची सीट

“देवांगनं परत सीट पुढे घेतली बघ. शंभरदा सांगितलं, ही शैलूच्या मापाची आहे, हात लावू नकोस. पण ऐकेल तर नवरा कसला!”

प्रीता पुटपुटत पुढची सीट मागे ढकलत होती. मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन आखडून बसलेली सुहासिनी ते ऐकत होती. शैलू! इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला शैलेंद्रखेरीज दुसरी हाक मारली नव्हती. आणि अमेरिकेतल्या ह्या कॅरी गावाहून रोज त्याच्यासोबत ऑफिसला जाणाऱ्या ह्या बाईनं त्याचं नाव आखूड केलं होतं आणि सीट लांबवली होती.

लफडं असतं तर बरं झालं असतं, असं सुहासिनीला कधीकधी खरंच वाटे. लफड्याचं काय करायचं ते ठरलेलं असतं. पुण्यातल्या दोघी बहिणी सल्ला द्यायला टपूनच होत्या. पण हिच्याशी भांडायचं कशावरून? गेल्या वर्षी ह्याच गाडीत, ह्याच सीटवर शैलेंद्रला हार्ट अटॅक आला, तेव्हा प्रीतानंच गाडी वळवून त्याला हॉस्पिटलात नेलं. बायपास झाली, माणूस वाचला. जिनं आपलं कुंकू राखलं तिलाच पाण्यात पाहायचं, म्हणजे देवापुढेही उभं राहायची सोय नाही.

अटॅकच्या आदल्या संध्याकाळी नवरा-बायको अर्जंट केअरमध्ये, म्हणजे तातडीच्या दवाखान्यात, गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण साधा ईसीजी काढला नाही. त्यावरच केस होती. डॉक्टरांचं म्हणणं एकच: छातीत दुखतंय असं मला कुणी सांगितलंच नाही. पुढच्या आठवड्यात शपथेवर जबाब होते आणि आज वकिलाकडे त्यांची तालीम.

वकील कुशल पंडित इथेच वाढलेला, पण आईच्या धाकानं मराठी बोलणारा. “काका, कॉफी घेणार?” ऑफिसात पोचल्या पोचल्या त्यानं विचारलं.

शैलेंद्रनं तोंड उघडलं.

“त्याला नको रे,” सुहासिनी म्हणाली. “मग रात्री झोप नाही येत त्याला.”

“ओके. आता मी डॉक्टरचा वकील. खूप मीन होणार आहे, रागवू नका हं. प्रीता आंटी, तुम्ही फर्स्ट. काकांनी तुम्हाला कधी सांगितलं, दुखतंय म्हणून?”

“दोन-तीन दिवस आधीच. छातीवर कुणीतरी येऊन बसलंय म्हणाला. डावा हात जड झालाय म्हणाला. मी म्हटलं, यार, आत्ता चल डॉक्टरकडे. तर म्हणे, सुहास उगाच घाबरेल.”

छातीवर कुणीतरी येऊन बसलंय! घरी सुहासिनीला तो एवढंच म्हणाला होता, ‘जरा जळजळतंय.’ म्हणजे चांगली वाक्यं सगळी गाडीत वाढून मोकळा, आणि घरी डब्यातलं उरलंसुरलं.

“आणि नेक्स्ट मॉर्निंग? डॉक्टरकडे काय बोलणं झालं, ते गाडीत सांगितलं त्यांनी?”

प्रीतानं शैलेंद्रकडे पाहिलं. त्यानं नको म्हणून मान हलवली, कळेल न कळेल अशी.

“नाही,” प्रीता म्हणाली. “तसं काही आठवत नाही.”

“काका, तुम्ही सांगा. डॉक्टरनं विचारलं, काय होतंय? तुम्ही काय म्हणालात?”

“आठवत नाही रे.”

“काका, खोटं बोलायचं नाही, पण तुम्ही असं म्हणालात तर ते म्हणणार, पेशंट काही बोललाच नाही. मग केस वीक होते.”

“नाही आठवत, त्याला मी काय करू?”

केस सुरू झाल्यापासून तो हेच म्हणत होता. त्याला सगळं लख्ख आठवतंय हे सुहासिनीला ठाऊक होतं. तो तिच्यासाठी विसरला होता, आणि त्याबद्दल दोघांत कधी एक शब्द निघाला नव्हता. दुसऱ्या कुणाला न सांगितलेली त्याची एवढी एकच गोष्ट आपल्याकडे आहे, असं ती धरून चालली होती. आता कळलं, तीसुद्धा गाडीत सांगून झाली होती! दोघं मिळून तिला जपत होती, पाहुण्यांच्या काचसामानासारखी.

प्रीतानं तिच्या हातावर हात ठेवला. “टेन्शन नका घेऊ, सुहासिनी. तुमची काहीच चूक नाही.”

सुहासिनीनं हात काढून घेतला. “चुकीचं नाव कुणी काढलं होतं?”

कुशल एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिला.

“सुहास, राहू दे,” शैलेंद्र हळूच म्हणाला.

“का राहू दे? तिला चालतं, मला नाही चालत?” सुहासिनी थांबली नाही. केस जायची तर जाऊ दे, पण ह्या दोघांची दया नको. “कुशल, ऐक. डॉक्टरांनी ह्यालाच विचारलं होतं. ह्यानं छातीवर हात ठेवला, बोलायला तोंड उघडलं, आणि मी म्हणाले, ‘इट्स जस्ट ॲसिडिटी, डॉक्टर, काल मिसळ खाल्लीय ह्यानं.’ तो बोललाच नाही, कारण मी त्याला बोलू दिलं नाही.”